खांडेकरांचा साचा, फकिराची तलवार आणि आपला कोयता

उसन्या शैलीत आपल्या मायची गोष्ट सांगता येत नाही. सांगायला गेलं की माय बदलते. तिचं लुगडं बदलतं, बोलणं बदलतं, तिचं दुःखसुद्धा बदलतं. उरते ती दुसऱ्याच्या पुस्तकातली बाई, आणि खाली नाव मात्र आपलं.

हे मी हवेत बोलत नाही. वर्षभरात या अंकासाठी बीड जिल्ह्यातून गोष्टी आल्या. केज, धारूर, पाटोदा, गेवराई, शिरूर. लिहिणारी पोरं-पोरी माझ्याच वयाची. बहुतेकांचे आईबाप ऊसतोडीला जाणारे. माझेही. मी दहावी झालो, कोयता नको म्हणून मुंबईला आलो आणि गोदीत कंत्राटावर लागलो. तेव्हा ही पोरं कसल्या खोपीत वाढली ते मला कुणी सांगायची गरज नाही. पण गोष्टी वाचल्या आणि खोपीचा वासच कुठं येईना. एका गोष्टीत मायच्या डोळ्यांतून मोती ओघळतात. दुसरीत ऊसतोडीची बाई चांदण्याकडं बघत त्याग म्हणजे काय यावर पानभर विचार करते. दोस्तांनो, रात्री दोनला ट्रक भरायला उठवलेली बाई चांदण्याकडं बघत नाही. ती अंधारात चप्पल शोधते.

काहींनी सोबत चिठ्ठ्या जोडल्यात. एकाची गोष्ट खांडेकरांच्या शैलीत. एकाची अण्णाभाऊंच्या शैलीत. एका मुलीची 'बनगरवाडी'च्या धर्तीवर. त्यांना वाटलं ही गोष्टीची शिफारस आहे. मला तो प्रश्न वाटला. त्याचं उत्तर एकेकाला पोस्टानं देण्यापेक्षा सगळ्यांसमोर देतो, कारण हा प्रश्न सगळ्यांचाच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे नक्कल ही काही शिवी नाही. हरि नारायण आपट्यांना मराठी कादंबरीचा पाया म्हणतात. त्या हरिभाऊंची पहिली कादंबरी 'मधली स्थिती', साल १८८५. रेनॉल्ड्स नावाचा एक इंग्रज लेखक लंडनच्या गुपितांच्या खमंग कादंबऱ्या लिहायचा, त्याच्या आधारानं ती उभी राहिलेली. म्हणजे पायासुद्धा उसन्या दगडाचा. बिघडलं काय? काही नाही. प्रस्थापितांनी केलं की त्याला प्रभाव म्हणतात, आपण केलं की नक्कल म्हणतात, एवढाच फरक.

पण पुढं बघा. १८९० साली हरिभाऊंनी 'करमणूक' काढलं आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो' लिहायला घेतली. तिथं रेनॉल्ड्स संपला. तिथं यमू नावाची बामणाघरची पोर स्वतःच्या तोंडानं बोलायला लागली. लग्न, सासर, वैधव्य, केशवपन. हरिभाऊंनी लंडनची गुपितं सोडून आपल्याच माजघराला कान लावला. ज्या बायकांकडं त्या घरात कुणी लक्ष देत नव्हतं त्यांचं बोलणं त्यांनी कागदावर आणलं. ते गावकुसाबाहेर आले नाहीत हे खरं, पण स्वतःच्या घरात तरी त्यांनी उसनी नजर टाकून दिली. म्हणून आज 'मधली स्थिती'चं नाव परीक्षेपुरतं उरलं आणि यमू जिवंत राहिली.

नक्कल ही उंबरठ्यासारखी असते. त्यावरून आत जायचं असतं. आपली पोरं उंबरठ्यावरच बिऱ्हाड करून बसलीत.

आता खांडेकर. वि. स. खांडेकर हा माणूस वाईट नव्हता. शिरोड्यासारख्या कोकणातल्या खेड्यात त्यांनी १९२० पासून अठरा वर्षं शाळेत शिकवलं. गरिबाबद्दलचा त्यांचा कळवळा खोटा नव्हता. अण्णाभाऊंच्या 'फकिरा'ला प्रस्तावना त्यांचीच आहे, हे विसरणारे आपल्यात पुष्कळ आहेत. 'फकिरा' आली १९५९ ला. 'ययाति'सुद्धा १९५९ चीच. 'ययाति'ला साहित्य अकादमी मिळाली, पुढं १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं, मराठीतलं पहिलं. आपल्या शाळांत आजही मराठीच्या सरांना सुंदर लिहिणं म्हणजे खांडेकरांसारखं लिहिणं असंच वाटतं. उपमा, सुभाषित, ध्येयवाद, डोळ्यांच्या कडा ओल्या. निबंधाला दहापैकी आठ मार्क.

'ययाति'ची बांधणी नीट बघा. ती एका तोंडानं सांगितलेली नाही. ययाती बोलतो, देवयानी बोलते, शर्मिष्ठा बोलते. ही फार मोठी युक्ती आहे. एकच घर, पण राजाला वेगळं दिसतं, राणीला वेगळं, दासीला वेगळं. शर्मिष्ठा राजकन्या होती, ती दासी झाली. तिच्या पोटचा पोरगा पुरू बापाला आपलं तारुण्य देतो. म्हणजे राजाच्या चैनीचं बिल शेवटी दासीच्या लेकरानं भरायचं. केवढी आपली गोष्ट आहे ही!

पण भाषा ऐका. राजा, राणी आणि दासी तिघं एकच भाषा बोलतात. तीच घोटीव, तीच अलंकारांनी लदलेली. शर्मिष्ठेच्या हाताला भांडी घासल्याचा घट्टा पडला असेल, तिच्या भाषेला पडला नाही. ती राजघराण्यातली होती म्हणून असं बोलते, असं कुणी म्हणेल. ठीक. ती बोलेल तशी. तुझी माय राजघराण्यातली नाही. मग ती तशी का बोलते, हे तू सांग.

इथं खरी मेख आहे. शैली म्हणजे गोष्टीवर वरून घातलेला शर्ट नाही, की आवडला नाही तर बदलला. शैलीत काही शब्द बसतात, काही बसत नाहीत. जे बसत नाहीत त्यांच्याबरोबर ती माणसंही बाहेर राहतात, गावाबाहेर राहायची तशीच.

उदाहरण घ्या. आपल्याकडं 'कोयता' म्हणजे नुसतं हत्यार नाही. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम विचारतो, तुझ्या गावातून किती कोयते निघतील? वीस कोयते म्हणजे चाळीस माणसं. उचल जोडीला मिळते. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. नवरा आणि बायको मिळून एक हत्यार, हे आपल्या बोलीनं एका शब्दात सांगून टाकलंय. पोरीची लग्नं लवकर का होतात, पोरगा सतराचा झाला की बाप सोयरीक का शोधतो, बायको मेली की वर्षाच्या आत दुसरी का आणतात, याची सगळी कादंबरी त्या शब्दात आहे. आणि आपल्या पोरानं त्याच्या गोष्टीत काय लिहिलंय? 'ते श्रमिक दांपत्य.' संपलं! दांपत्य म्हटलं की मुकादम गेला, उचल गेली, अर्धा कोयता गेला. मागं राहिलं ते लग्नपत्रिकेवरचं जोडपं.

दुसरा शब्द 'खाडा'. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा. मजुरी बुडते ती बुडते, वर दंड कापतात. बाईची पाळी आली, पोट दुखलं, अंगावरून गेलं, तरी खाडाच. मग कुणीतरी सांगतं, पिशवी काढून टाक, कटकट मिटेल. आमच्याकडं गर्भाशयाला पिशवी म्हणतात. माझ्या मावशीची काढली तेव्हा तिची तिशीही उलटली नव्हती. एका खाजगी दवाखान्यात. पैसे मुकादमाकडून उचलले, ते पुढच्या हंगामाच्या उचलीत चढले. म्हणजे स्वतःची पिशवी काढायचे पैसे तिनं ऊस तोडून फेडले.

ही एकट्या मावशीची गोष्ट असती तर मी गप्प बसलो असतो. २०१९ साली बोंब झाल्यावर सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. हा सरकारी आकडा आहे. आकड्याला तोंड नसतं. त्याला तोंड द्यायचं काम कुणाचं होतं? तुझं, माझं. आणि या विषयावर आलेल्या गोष्टीत एका शब्दानं खाडा नाही, उचल नाही, पिशवी नाही. त्यात काय आहे? 'मातृत्वाचा कोमेजलेला कळा.' अरे, त्या बाईला तीन लेकरं होती! तिचं मातृत्व कोमेजलं नव्हतं. तिची कंबर गेली होती, तिला भर थंडीत घाम फुटत होता आणि तरी तिला मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं होतं. आधी तिला दवाखान्यानं कापलं, मग सरकारनं मोजलं, आणि आता आपण तिच्यावर फुलं टाकतो. पहिल्या दोघांना दोष द्यायचा तर तिसऱ्याला का सोडायचं?

आता 'बनगरवाडी'. ही पोरगी जरा शहाणी निघाली. तिनं अलंकार टाकले, वाक्यं छोटी केली, बघितलं ते लिहिलं. माडगूळकरांकडून हे शिकण्यासारखंच आहे. १९८३ साली आपल्या अंबाजोगाईला साहित्य संमेलन भरलं तेव्हा अध्यक्ष तेच होते. माणदेश आणि बालाघाट दोन्ही कोरडवाहू, दोन्हीकडं पाऊस उधारीवर. त्यामुळं त्यांची १९५५ ची 'बनगरवाडी' बीडच्या माणसाला परकी वाटत नाही. दुष्काळ पडतो, मेंढरं मरतात, वाडी उठून जाते.

पण ती गोष्ट कोण सांगतो? मास्तर सांगतो. बाहेरून नोकरीवर आलेला पोरगा. वाडीत राहतो, माणसांवर जीव लावतो आणि शेवटी निघून जातो. तो पाहुणा आहे आणि पाहुणा म्हणूनच बोलतो. त्यात लबाडी नाही, म्हणून ती कादंबरी सच्ची आहे. पण आपली ही पोरगी पाहुणी नाही. ती टोळीतली आहे. बारा वर्षांची असताना ती पाचटात धाकट्या भावाला सांभाळत होती. आता मास्तरच्या शैलीत लिहिताना ती स्वतःच्या मायकडं लांबून बघते. खोपीचं वर्णन असं करते, की जणू ती खोपीत पहिल्यांदाच वाकून शिरली. 'त्या लोकांची' राहणी, 'त्यांचं' जेवण. ताई, ते लोक म्हणजे कोण? तू आपल्याच घरात पाहुणी झालीस. तिथं पाणी कुठून आणतात हे तुला विचारावं लागत नाही. टोळीतसुद्धा कुणाची खोप कुठं पडते, पाण्याच्या टाकीजवळ कोण आणि उकिरड्याकडं कोण, हे तुला पाठ आहे. मास्तरला ते दिसायला वर्ष लागलं असतं. तुझ्याजवळ आहे ते तू सोडलंस आणि मास्तरजवळ नव्हतं ते तूही विसरलीस.

आता सगळ्यात अवघड ते बोलतो. अण्णाभाऊ.

अण्णाभाऊ आपले आहेत, म्हणून त्यांची नक्कल चालेल असं पोरांना वाटतं. खांडेकरांची नक्कल म्हणजे गुलामी आणि अण्णाभाऊंची नक्कल म्हणजे क्रांती? हे गणित मला मान्य नाही. आलेल्या गोष्टींत चार-पाच फकिरा आहेत. कुणाच्या हातात तलवार, कुणाच्या कुऱ्हाड, एकाच्या हातात कोयता. छाती रुंद, मिशा पीळदार, डोळ्यांत अंगार. शेवटच्या पानावर मुकादमाचं मुंडकं उडतं आणि गोष्ट संपते. वाचताना बरं वाटतं. पण दुसऱ्या दिवशी तोच मुकादम दारात उभा असतो.

'फकिरा'तली तलवार कुठून आली ते आधी समजून घ्या. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जातच्या जात जन्मानं चोर ठरवली. मांगाच्या माणसाला हजेरी द्यावी लागायची. समोर दुष्काळ, घरात भुकेलं लेकरू, आणि वर सरकार म्हणतं तू चोर. त्या हजेरीच्या विरोधात फकिरा उभा राहतो. त्याचा दुश्मन डोळ्यांना दिसतो, घोड्यावर बसून येतो. तिथं तलवारीला अर्थ आहे.

आपला दुश्मन घोड्यावर येत नाही. तो दसऱ्याच्या आधी घरी येतो, चहा पितो, मायला काकू म्हणतो आणि अंगठा घेऊन उचल देऊन जातो. पुष्कळदा तो आपल्याच गावचा असतो, कधी आपल्याच जातीचा, कधी नात्यातला. कालपर्यंत तोही ऊस तोडत होता. त्यानं कारखान्याकडून उचल घेतलेली असते, टोळी पळाली तर तो बुडतो. त्याच्या वर कारखाना, कारखान्याच्या वर संचालक, त्यांच्या वर पुढारी, आणि पुढारी तर आपल्याच सभेत येऊन आपल्याच महापुरुषांच्या फोटोला हार घालून जातो. मुंडकं कुणाचं उडवणार? तलवारीनं उचल फिटत नाही. ही गुंतागुंत ज्या गोष्टीत येईल ती गोष्ट अण्णाभाऊंची खरी वारस. पीळदार मिशा उसन्या आणून वारसा मिळत नाही.

अण्णाभाऊ स्वतः काय करत होते? त्यांना महाराष्ट्राचा गॉर्की म्हणतात. गॉर्की त्यांनी वाचला, मानला. हा गॉर्की पोरवयात व्होल्गेच्या काठी कझानच्या धक्क्यावर बोझे वाहत होता. गॉर्की म्हणजे रशियन भाषेत कडू, ते नाव त्यानं स्वतः घेतलं. त्याची 'आई' आली १९०६-०७ ला. वाटेगावचा, जेमतेम दीड दिवस शाळेत बसलेला माणूस मुंबईत हमाली करत, कोळसा वाहत हे सगळं वाचतो. त्याला ती कादंबरी मराठीत पुन्हा लिहिणं सोपं होतं. रशियातली आई पुसून परळची आई करायची, गिरणीचा भोंगा वाजवायचा, लाल झेंडा द्यायचा. त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी 'स्मशानातील सोनं' लिहिली.

त्यातला भीमा खाणीत दगड फोडणारा. खाण बंद पडते. मग तो रात्री स्मशान उकरून प्रेतांच्या तोंडातलं, राखेतलं सोनं शोधायला लागतो. एका रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात. जीव वाचतो, बोटं जातात. आणि त्यानंतर खाण सुरू झाल्याची बातमी येते. बोटंच नाहीत, आता दगड कशानं फोडणार? या गोष्टीत भाषण नाही, झेंडा नाही, छाती रुंद असूनही नायक जिंकत नाही. खाण बंद होणं आणि सुरू होणं, एवढ्यावर माणसाचं सगळं टांगलेलं. ही नजर गॉर्कीच्या शाळेतली आहे: तळातल्या माणसाकडं कीव न करता बघायचं, त्याचं पोट आधी बघायचं. पण भीमा, ते स्मशान, ते उपनगर, तो जबडा सगळं इथलं. अण्णाभाऊंनी गॉर्कीकडून कसं बघायचं ते घेतलं. काय दिसलं ते त्यांचं त्यांनी लिहिलं. बाबुराव बागुलांनीही १९६३ ला 'जेव्हा मी जात चोरली होती' दिली तेव्हा अण्णाभाऊ समोर असताना अण्णाभाऊंसारखं लिहिलं नाही. वारसा असा चालतो.

मग करायचं काय? मला साहित्यशास्त्र कळत नाही. बोटीतून माल उतरवणाऱ्याला एक कळतं: माल ज्याच्या नावाचा असतो त्याच्याच गोदामात जातो. आपण दिवसभर पाठीवर वाहिला तरी तो आपला होत नाही. उसन्या शैलीचंही तेच. वाहणार तुम्ही, आणि वाचणारा म्हणणार, अगदी खांडेकर!

म्हणून साधं सांगतो. सगळे वाचा. खांडेकर, आपटे, माडगूळकर, अण्णाभाऊ, बागूल, गॉर्की, कुणाला सोडू नका. हात बसावा म्हणून एखादं पान त्यांच्यासारखं लिहूनही बघा. लेझीमचे हातसुद्धा आधी दुसऱ्याचे बघूनच बसतात. पण ते पान छापायला पाठवू नका. त्यांच्याकडून साचा घ्या, नजरेची धार घ्या, बोली घेऊ नका.

'ययाति'ची तीन तोंडांची युक्ती घ्या. एक गळीत हंगाम तीन तोंडांनी लिहा. एक मुकादम, एक ऊसतोडीची बाई, आणि एक गावाकडं आजीजवळ मागं राहिलेलं लेकरू. पण तिघांना तीन भाषा द्या. मुकादम हिशेबाच्या वहीसारखा बोलेल. बाई निम्मं बोलेल आणि निम्मं गिळेल. लेकरू मोबाईलवर मायशी बोलताना, मागून ट्रॅक्टरचा आवाज आला की गप्प होईल. तेव्हा खांडेकरांचा साचा आपल्या कामाला आला असं मी म्हणेन.

आणि हिशेब लिहायला लाजू नका. किती उचल, किती टन, किती खाडे, किती फिटली, किती पुढच्या सालावर चढली. पांढरपेशे म्हणतील गोष्टीत आकडे कशाला. त्यांच्या घरी पगार पहिल्या तारखेला येतो, म्हणून त्यांच्या गोष्टीत आकडे लागत नाहीत. आपल्या घरात प्रेमसुद्धा हिशेबाच्या फटीतून करावं लागतं. ती फट दाखवा.

शेवटी एक परीक्षा. गोष्ट लिहून झाली की जिच्यावर लिहिली तिला वाचून दाखवा. तिला वाचता येत नसलं तरी ऐकता येतं. ती 'हे कोन बाई हाय?' म्हणाली तर कागद फाडा. ती 'आरं, हे कशाला लिवलंस, मुकादम वाचंल ना' म्हणाली तर पाठवा. या अंकात जागा आहे.

अंबाजोगाईला मुकुंदराजाची समाधी दाखवतात. ज्या काळात शहाणे लोक संस्कृतात लिहायचे त्या काळात त्यानं मराठीत लिहिलं, म्हणून त्याला आद्यकवी म्हणतात. त्याच जिल्ह्यातल्या पोरांनी कोयत्याला दांपत्य म्हणावं आणि पिशवीला मातृत्व म्हणावं, हे मला पटत नाही. तुमच्याजवळ शब्द आहेत. ते मुकादमाच्या वहीत आहेत, मायच्या तोंडात आहेत, आणि अजून कुठल्याही कादंबरीत नाहीत. आधी ते लिहा.